बेकार पाटावरचं वीजकेंद्र

आमच्या फोंव्हीव गावाच्या हद्दीत दोन वीजकेंद्रं आहेत. पहिलं टेकडीपलीकडे. त्याच्यासाठी निम्म्या जगानं वर्गणी काढली, टेकडीचा माथा कापून सपाट केला, अवजड गाड्यांना रस्ता अरुंद पडतो म्हणून आमची चिनाराची झाडं पाडली, आणि आत सूर्य पेटवणार असं जाहीर केलं. दुसरं सोलांज इझ्नारच्या स्वयंपाकघराखाली, पाटावरच्या जुन्या पाणचक्कीत. ते तिच्या बापानं १९५१ साली भंगारात मिळालेल्या टर्बाइनवर उभं केलं आणि ते नऊ किलोवॉट वीज देतं. पहिल्यानं आजवर एकही दिवा लावलेला नाही. दुसऱ्याच्या जिवावर सोलांजचं घर, कोंबड्यांचं खुराडं आणि शेजारच्या पाववाल्याचं कणीक मळायचं यंत्र चालतं. एवढं सांगितलं की सोलांजचा स्वभाव निम्मा सांगून झाला, कारण ही तुलना ती भेटेल त्याला ऐकवते, पोस्टमनलाही.

उरलेला निम्मा असा. वय एकाहत्तर, उंची बेताची, आवाज बेताचा नाही. चाळीस वर्षं शाळेच्या खानावळीत स्वयंपाक केला आणि गावातल्या तीन पिढ्यांना पालक खायला लावला. भाऊ मार्सेयला बंदरावर नोकरीला गेला तो गेलाच. पाणचक्की तिच्याकडे आली, कारण घरात तीच एक उरली होती. लग्नही केलं होतं. नवऱ्याला टर्बाइनच्या घरघरीनं झोप लागेना. सहा वर्षांनी तो म्हणाला, "एक तर ते यंत्र राहील नाही तर मी." सोलांजनं विचार करायला वेळ मागितला. तो तिनं एवढा घेतला की नवरा कंटाळून तूलाँला निघून गेला. पुढं कुणी विचारलं की ती सांगायची, "यंत्राला तेल घातलं की ते गप्प बसायचं. ह्यांना काहीही घाला."

आता खरं तेही सांगायला हवं. उन्हाळ्यात पाणी आटलं की चक्की महिनाभर गप्प असते. फेब्रुवारीत पाट साफ करायला बंद होतो, तेव्हा आणखी पंधरा दिवस. अशा वेळी सोलांजच्या घरात जो दिवा लागतो तो सरकारी तारेवरचा. त्याचा मीटर तिनं दारामागच्या कोटांआड लपवलाय. त्याबद्दल बोललेलं तिला खपत नाही.

वरच्या मजल्यावर भाडेकरू आहे, रादिम कुखार्श. मूळचा चेक, ब्रनो शहरचा, वय त्रेसष्ट. टेकडीपलीकडच्या प्रकल्पात शास्त्रज्ञ. गावात त्याला सगळे 'सूर्यवाला' म्हणतात, सोलांज 'प्रोफेसर' म्हणते, आणि तिच्या तोंडी ती पदवी काही फार मानाची वाटत नाही. नऊ वर्षं तो सकाळची कॉफी खाली तिच्या टेबलावर पितो. नऊ वर्षं तेच भांडण चालू आहे.

"मादाम सोलांज, तुमच्या चक्कीवर फार तर पाचसहा घरं चालतील. जगात आठशे कोटी माणसं आहेत. तेवढे ओढे आणायचे कुठून?"

"आणि तेवढे सूर्य?"

"एकच पुरेल."

"एक आहे की वर. फुकट आहे, वेळेवर उगवतो, आणि त्याची मीटिंग नसते."

रादिम चिडायचा नाही. तो पावाच्या तुकड्यानं बशी पुसत शांतपणे समजावायचा. हलके अणू प्रचंड उष्णतेत एकत्र आणायचे, त्यांचं संमीलन झालं की ऊर्जा बाहेर पडते. बादलीभर समुद्राच्या पाण्यात असलेल्या जड हायड्रोजनवर हे घर दोन हिवाळे उबदार राहील. धूर नाही, राख नाही.

"संमीलन, संमीलन!" सोलांज म्हणायची. "मी शाळेत होते तेव्हा मास्तर सांगायचे, तीस वर्षांत होईल. मी खानावळीत लागले तेव्हा पेपरात होतं, तीस वर्षांत होईल. आता तुम्ही सांगताय. अहो, दोन अणूंची बोलणी किती चालवायची? मुलामुलीला एकमेकांत रस नाही, सोडून द्या."

"रस आहे. जवळ आले की एकमेकांना ढकलतात एवढंच."

"मग तो संसारच झाला. वेगळं यंत्र कशाला?"

रादिमनं या घरात एकच गोष्ट मागितली होती. पाण्याची झडप एकदा आपल्याला उघडू द्यावी. हौदाच्या काठावर लोखंडी चाक होतं, ते फिरवलं की झडप उचलली जायची आणि पाणी खाली टर्बाइनवर पडायचं. सोलांजनं नऊ वर्षांत त्या चाकाला त्याचं बोट लागू दिलं नाही. "माझ्या यंत्रात काय बिघडलं ते मला जेवताना ऐकू येतं," ती म्हणायची. "तुमच्यात काय बिघडलं ते कळायला पंतप्रधान जमवावे लागतात. हात लांब ठेवा."

त्या वर्षी जानेवारीत प्रकल्पाचं नवं वेळापत्रक आलं. पहिला जाळ, म्हणजे यंत्र पहिल्यांदा पेटवायचा दिवस, आणखी नऊ वर्षं पुढे गेला. रादिम दोन वर्षांत निवृत्त होणार होता. त्याची एकतीस वर्षं या कामात गेली होती, आणि आता तो दिवस त्याला ब्रनोत टीव्हीवर पाहावा लागणार होता, तोवर जगला तर. त्या सकाळी तो कॉफीला आला तेव्हा सोलांजला बातमी पाववाल्याकडून आधीच कळली होती. पोस्टमनसाठी राखून ठेवलेला एक झणझणीत टोमणा तिच्या जिभेवर होता. त्याचा चेहरा पाहिला आणि तिनं तो गिळला. त्याच्या पावावर तिनं अँचोव्ही माशांची चटणी दुप्पट लावली आणि म्हणाली, "खा. खारट आहे, पण आज सगळंच खारट लागणार."

त्याच आठवड्यात तिच्यावरही संकट आलं. जिल्ह्याच्या पाणी कचेरीतून पत्र आलं होतं.

तिच्या चक्कीचा पाण्याचा हक्क फार जुना आहे, राज्यक्रांतीत राजाचं डोकं उडायच्या आधीचा. असे हक्क आमच्याकडे अजून चालतात, त्याला परवाना लागत नाही की मुदत नसते. अट एकच. चक्की चालण्याच्या स्थितीत हवी. ज्या दिवशी सरकारी माणूस कागदावर 'भग्न' असं लिहून जाईल, त्या दिवशी हक्क संपला, कायमचा. मग नऊ किलोवॉटसाठी नव्यानं परवानगी मागा आणि मासे, बेडूक, शेवाळ या सगळ्यांची हरकत नाही असे दाखले जोडत बसा. सोलांजच्या आयुष्यात ते होणार नव्हतं. पत्रात लिहिलं होतं, एकोणीस फेब्रुवारीला सकाळी दहा वाजता पाहणी होईल, यंत्रणा चालू करून दाखवावी.

आणि पाट बंद असणार होता दहा ते चोवीस फेब्रुवारी.

पाट बंद करून गाळ काढायच्या या पंधरवड्याला आमच्याकडे 'बेकारी' म्हणतात. नोकरी गेलेल्या माणसाला जो शब्द, तोच पाटाला. कुणाला त्यात गंमत वाटत नाही. 'बेकारी कधी आहे?' असं विचारलं की लहान पोरही तारीख सांगतं. सोलांजनं त्याच दिवशी कचेरीला उत्तर लिहिलं, नीट अक्षरात: "दहा ते चोवीस फेब्रुवारी बेकारी असल्यामुळे पाहणी मार्चमध्ये ठेवावी ही विनंती." बेकारी कुणाची ते लिहायचं तिला सुचलंच नाही. फेब्रुवारीत दुसरं कोण बेकार असतं?

आठ दिवसांनी उत्तर आलं. ते तिनं टेबलावर रादिमला मोठ्यांदा वाचून दाखवलं.

"'मादाम, आपल्या बेकारीबद्दल कळून खेद झाला. तथापि मालकाची बेकारी हे पाहणी पुढे ढकलण्याचे कारण होऊ शकत नाही. बेकार भत्त्यासाठी आपण रोजगार कचेरीत नाव नोंदवावे. सोबत अर्ज जोडला आहे.' प्रोफेसर, हसू नका."

"नाही हसत."

"खांदे हलतायत तुमचे."

"मादाम, अर्जात वयाची अट आहे का पाहा."

"पंचवीसच्या आतल्यांना प्रशिक्षण मिळतं म्हणे," सोलांज म्हणाली, आणि मग तीही हसली. पण हसता हसता तिनं पत्राची घडी घातली ती चार वेळा घातली. तिनं कचेरीला फोन लावला. चार दिवस लावत होती. दर वेळी तेच बासरीचं संगीत ऐकलं आणि दर वेळी फोन आपोआप बंद झाला. पाचव्या दिवशी तिनं रिसीव्हर ठेवला आणि खिडकीतून हौदाकडे पाहत राहिली.

रादिमही तिकडे पाहत होता. चक्कीच्या मागं दगडी हौद आहे, पाटाचं पाणी आधी त्यात येतं, मग झडपेतून खाली जातं.

"हा किती लांब आहे?" त्यानं विचारलं.

"सोळा पावलं. रुंदी आठ, खोली पुरुषभर. का?"

तो खिशातून पेन्सिल काढून पत्राच्या पाकिटावर आकडे मांडू लागला. "पाट बंद व्हायच्या आधी हौद काठोकाठ भरून घ्यायचा आणि पाटाकडचं दार लावून टाकायचं. एकोणीस तारखेला हौदातल्या पाण्यावर यंत्र चालेल. सात मिनिटं. फार तर साडेसात."

सोलांजनं पाकीट हातात घेतलं, आकडे कळले नाहीत तरी पाहिले. "एकतीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही काहीतरी उपयोगाचं बोललात," ती म्हणाली. मग तिचा चेहरा पडला. "पण बातिस्तँ ठेवू देणार नाही."

बातिस्तँ रेनिए हा आमचा पाटकरी. पाटाच्या सगळ्या दारांच्या किल्ल्या त्याच्याकडे, कुणाला कधी किती तास पाणी ते त्याच्या हातात. बेकारीच्या पहिल्या दिवशी तो वरच्या टोकापासून सुरुवात करून एकेक हौद रिकामा करत खाली येतो, आणि वरून पहिला हौद सोलांजचा. त्या दोघांत सतरा वर्षं बोलणं नव्हतं. दुष्काळाच्या साली तिची पाळी दुपारी बारापर्यंत असताना बातिस्तँनं दार अकरा चाळीसला बंद केलं होतं. सोलांजनं भर बाजारात त्याला पाणीचोर म्हटलं. तेव्हापासून दोघांना एकमेकांशी काही बोलायचं असलं तर मध्ये तिसरं माणूस लागायचं.

नऊ फेब्रुवारीला दुपारी सोलांज रादिमला घेऊन पाटावर गेली. बातिस्तँ गुडघाभर बुटांत दाराच्या मळसूत्राला ग्रीस लावत होता.

"प्रोफेसर, त्यांना सांगा," सोलांज म्हणाली, "यंदा माझा हौद रिकामा करायचा नाही."

रादिम वळला. "मस्यू बातिस्तँ, मादाम म्हणतात की..."

"ऐकलं. मी बहिरा नाही. त्यांना सांगा, पंचेचाळीस वर्षं पहिला हौद त्यांचाच रिकामा होतो. नियम आहे."

"त्यांना म्हणावं, तो नियम केला कोणी?"

"मीच केला म्हणावं. म्हणून तर पाठ आहे."

"त्यांना म्हणावं, नियम घड्याळ बघून पाळायचे असतात."

बातिस्तँनं ग्रीसचा डबा खाली ठेवला. रादिमनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि हळूच एक पाऊल मागं घेतलं. सोलांजनं पुढं काहीतरी खवचट बोलायला तोंड उघडलं होतं, पण निघालं ते वेगळंच.

"बातिस्तँ, चक्की जाईल रे माझी."

सतरा वर्षांत तिनं त्याला पहिल्यांदा नावानं हाक मारली होती. बातिस्तँनं टोपी काढली, आत पाहिली, परत घातली.

"त्या दिवशी माझं घड्याळ पुढं होतं," तो म्हणाला.

"किती?"

"वीस मिनिटं."

"हे तुला कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी. चर्चची घंटा झाली तेव्हा."

"आणि सतरा वर्षं गप्प बसलास?"

"तू बोलत नव्हतीस ना माझ्याशी. मग सांगणार कोणाला?"

सोलांजनं त्याला गाढव म्हटलं. आमच्याकडे समेट असाच होतो. बातिस्तँनं हौदाकडे पाहून मान डोलावली. "यंदा खालच्या टोकापासून काढतो गाळ. तुझ्यापर्यंत यायला वीस तारीख उजाडेल."

दुसऱ्या दिवशी पाट कोरडा पडला आणि सोलांजचा हौद काठोकाठ भरून राहिला. पण अडीचशे वर्षांचा दगडी हौद, तो गळणारच. रादिम रोज कामावर जाण्यापूर्वी आतल्या भिंतीवर खडूनं रेघ मारायचा. पहिल्या दिवशी पाणी दोन बोटं उतरलं, दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी बातिस्तँ गाळातली चिकणमाती टोपलीनं घेऊन आला आणि तिघांनी मिळून सापडतील तेवढ्या फटी बुजवल्या. अठरा तारखेला रादिमनं पुन्हा हिशेब केला आणि साडेसातचे पावणेसात झाले. दुसऱ्या दिवशी प्रकल्पात त्याची महत्त्वाची बैठक होती. एकोणीसच्या सकाळी त्यानं तिकडे कळवलं की वैयक्तिक कारणानं येता येणार नाही. कारण काय म्हणून विचारलं तेव्हा त्यानं लिहिलं, "वीज."

कचेरीचे साहेब दहाला पाच मिनिटं असताना आले. मस्यू देलात्र, वय असेल अठ्ठावीस, उत्तरेकडचा गोरापान मुलगा, नवेकोरे रबरी बूट आणि काखेत टॅबलेट. पाटात वीसेक गावकरी फावडी घेऊन गाळ उपसत होते. त्यानं पाटाकडे पाहिलं, गाळाकडे पाहिलं आणि गोंधळला.

"यात पाणी नाही."

"बेकारी आहे म्हणून कळवलं होतं," सोलांज म्हणाली.

"हो, वाचलं मी. मला वाईट वाटलं. पण पाणी का नाही?"

पाटातली फावडी थांबली. बातिस्तँ खालून ओरडला, "साहेब, बेकार बाई नाही, पाट आहे!" आणि वीस माणसं गाळात उभी राहून अशी हसली की देलात्र कानापर्यंत लाल झाला. पोरगा मनानं वाईट नव्हता. त्यानं माफी मागितली. पण फॉर्म तर फॉर्मच होता. तीन चौकटी होत्या: चालू, बंद, भग्न. बंद असेल तर पुन्हा चालू होऊ शकते याचा पुरावा हवा. पुरावा नसेल तर तिसरी चौकट.

"चालवून दाखवते," सोलांज म्हणाली. "हौदात पाणी आहे."

देलात्रनं हौदात डोकावून पाहिलं. "हे किती वेळ पुरेल?"

"किती वेळ चाललं म्हणजे चाललं, ते सांगा."

त्यानं टॅबलेटवर बोट फिरवत नियम वर केले, खाली केले. "नियमात वेळ दिलेली नाही. पण एक मिनिट चालवून बंद केलं तर त्याला चालू म्हणता येणार नाही, मादाम. काहीतरी मापदंड पाहिजे."

सोलांज रादिमकडे वळली. "प्रोफेसर, तुमच्या त्या सूर्यात किती वेळ जाळ राहिला म्हणजे तुम्ही चाललं म्हणता?"

रादिमनं घसा खाकरला. "आमचं उद्दिष्ट चारशे सेकंदांचं आहे."

"चारशे सेकंद?" देलात्रनं विचारलं. "हे कुठं लिहिलेलं आहे का?"

"सगळ्या सदस्य देशांनी मान्य केलंय."

"म्हणजे आंतरराष्ट्रीय मापदंड आहे." देलात्रचा चेहरा उजळला. वरिष्ठांना उत्तर द्यायला त्याला कागद सापडला होता. "चालेल. चारशे."

आता एक अडचण उरली होती, आणि ती सोलांजला रात्रीपासून ठाऊक होती. एरवी ती झडप उघडून सावकाश खाली जायची. टर्बाइन वेगात यायला, मग डायनामोचा पट्टा चढवायला पाचसात मिनिटं गेली तरी पाटाला काही फरक पडत नव्हता, पाणी येतच असायचं. आज थेंबाथेंबाचा हिशेब होता. खाली पट्ट्यावर एक माणूस हवं आणि त्याच क्षणी वर चाकावर दुसरं. पट्टा दुसऱ्या कुणाला जमणार नव्हता. ती हौदाच्या काठावर उभी राहिली, चाकावरून एकदा हात फिरवला आणि बाजूला झाली.

"ये इकडे," ती रादिमला म्हणाली. नऊ वर्षांचं 'तुम्ही' तिथंच गळून पडलं. "अकरा फेरे. पहिले चार हळू. खालून मी ओरडले की पुढचे सात, आणि मध्ये थांबायचं नाही. पाणी कमी झालं की आवाज बदलतो. मग कानानं चालव, आकड्यानं नाही. कळलं?"

"कळलं."

"थरथरतोयस कशाला? हा खरा सूर्य नाही."

ती खाली गेली. रादिमनं चाक धरलं आणि चार फेरे दिले. दगडाखालून पाणी सुटल्याचा दणका पायांना जाणवला, मग घरघर सुरू झाली. खालून सोलांजची आरोळी आली, ती गावभर ऐकू गेली असेल. त्यानं सात फेरे एका दमात दिले. चक्कीच्या दारावरचा दिवा आधी तांबूस झाला, मग पिवळा, मग सरळ पाहवेना इतका लख्ख. स्वयंपाकघरातली शेगडी, भट्टीतलं यंत्र, सोलांजनं आज सगळंच जोडून ठेवलं होतं. पाववाल्यानं शेजारून शिट्टी घातली. देलात्रनं मोबाइलवर सेकंद मोजायला सुरुवात केली.

शंभर झाले, दोनशे झाले. पाटातली माणसं फावडी टाकून काठावर येऊन उभी राहिली. तीनशेला हौदाच्या भिंतीवरच्या सगळ्या रेघा उघड्या पडल्या होत्या आणि तळाचं शेवाळ दिसायला लागलं. तीनशे चाळीसला पाण्याच्या तोंडाशी भोवरा झाला. घरघरीत एक घुसमटलेला आवाज मिसळला, आत हवा जात होती.

बातिस्तँ ओरडला, "गेलं, गेलं!"

रादिमनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. डोळे मिटून त्यानं चाक उलटं फिरवलं, पाऊण फेरा. दिवा मंदावला. देलात्रनं डोकं वर केलं. रादिम थांबला, ऐकलं, पुन्हा बोटभर फिरवलं. घुसमट थांबली आणि घरघर बारीक पण सलग चालू राहिली. दिवा पिवळा झाला होता, पण जळत होता. आयुष्यभर या माणसानं जाळ मोजला होता, काचेमागून पाहिला होता, त्याबद्दल लिहिलं होतं. हातात धरून ठेवला होता तो आज पहिल्यांदा.

"चारशे," देलात्र म्हणाला.

कुणी टाळी वाजवली नाही, कारण दिवा अजून चालूच होता आणि सगळे त्याच्याकडे पाहत होते. मग तो तांबूस झाला आणि विझला.

"चारशे बारा," देलात्र म्हणाला, आणि सगळ्यांच्या देखत पहिल्या चौकटीत खूण केली. चालू. पाटावर एकच गलका झाला. सोलांज जिना चढून वर आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. तिनं टॅबलेटवरची खूण स्वतः पाहिली. पुन्हा पाहिली. मग काठावरच्या दगडावर बसली आणि ॲप्रनमध्ये तोंड खुपसून रडली. बापाची चक्की राहिली होती.

देलात्रनं सभ्यपणे टॅबलेटवरचे पुढचे रकाने भरले. मग तो रादिमकडे वळला. "एक रकाना राहिलाय. चाचणीच्या वेळी झडप कोणी चालवली त्याची नोंद लागते. नाव?"

"रादिम कुखार्श."

"व्यवसाय?"

दर सरकारी कागदावर या प्रश्नापुढं रादिम 'संशोधन' लिहीत आला होता. त्याचे हात अजून चाकावरच होते आणि गालांवरून पाणी ओघळत होतं, ते त्यानं पुसलंही नाही.

"वीजनिर्मिती," तो म्हणाला.

देलात्रनं टाइप केलं. "या कामाचा अनुभव किती?"

रादिमनं सोलांजकडे पाहिलं. ॲप्रनमधून डोकं वर काढून सोलांजनं नाक पुसलं.

"सहा मिनिटं बावन्न सेकंद," ती म्हणाली. "लिहा, लिहा. टेकडीपलीकडे कुणाला एवढासुद्धा नाही."